वाढत्या अंगाचं पुस्तक

दस्तगीर, मी जिंकलो. आपल्या भांडणाचा निकाल परवा तुझ्याच घरात लागला, तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला, आणि तो माझ्या बाजूनं लागला. तू समोर नव्हतास म्हणून हे सांगावं लागतंय. असल्या जिंकण्याला आग लागो.

तुला मूठमाती देऊन आल्यापासून लोक मला तुझ्याविषयी विचारतात आणि मी त्यांना भलतंच काहीतरी सांगतो. चांगले शिक्षक होते, फारशी भाषा उत्तम यायची, स्वभाव गोड होता. स्वभाव गोड म्हणताना माझं मलाच हसू आलं. तुझ्याइतका हेकट माणूस मंगळवार पेठेत दुसरा नव्हता, मी सोडून. पण आपण आयुष्यातली दहाबारा वर्षं कशावरून भांडत होतो हे कुणाला सांगायची सोय नाही. लहान मुलाला लॅटिनचं कोणतं पुस्तक द्यावं, यावरून दोन म्हातारे होत चाललेले मास्तर शिंप्याच्या दुकानाच्या फळीवर बसून रोज कडाकडा भांडत होते, असं सांगितलं तर लोक म्हणतील, दुःखानं याचं डोकं फिरलं.

सगळी करणी सरकारांच्या त्या ट्रंकेची. आठवतं ना? साहेब लोक देश सोडून निघाले होते आणि त्यांच्या सामानाचे लिलाव चालले होते. कुणी पियानो घेतला, कुणी टेबलं घेतली. आपल्या जहागीरदार सरकारांनी एक पत्र्याची बंद ट्रंक घेतली. उघडली तर आत नुसती लॅटिनची पुस्तकं. कुठल्यातरी साहेबाच्या पोरांनी शिकून टाकलेली. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. सरकारांना तो जोतिबाचा कौल वाटला. धाकट्या बाळासाहेबांना पुढं विलायतेच्या कॉलेजात घालायचं त्यांच्या मनात होतंच, आणि तिथं लॅटिन लागतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

पोरांना शाळेत घालायचं नाही, हे सरकारांचं ठाम मत. शाळेत पोरं मास्तरांकडून शिकत नाहीत, पोरांकडून शिकतात, असं म्हणायचे. म्हणून मी कळंब्याच्या वाटेवरच्या त्यांच्या बंगल्यावर अक्कासाहेब आणि बाळासाहेब या भावंडांना संस्कृत शिकवायला जात होतो, आणि घरातली जुनी दप्तरं वाचता यावीत म्हणून तू फारशी शिकवायला येत होतास. तोवर आपली ओळख सायकली एका झाडाला लावण्यापुरतीच होती. त्या दिवशी सरकारांनी दोघांना एकदम आत बोलावलं.

"मास्तर, तुम्हाला संस्कृत येतं. यांना फारशी येते. दोघं मिळून लॅटिन कराल की! सगळ्या जुन्याच भाषा."

मी म्हणायला गेलो, सरकार, मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. तू माझं मनगट असं दाबलंस की बांगडी असती तर फुटली असती. "हुईल की सरकार," म्हणालास. "थोडा वेळ द्या फकस्त."

बाहेर आल्यावर मी चिडलो तर उलट मलाच झापलंस. "शास्त्रीबुवा, आयुष्यात परत कोण असं म्हणणार हाय का आपल्याला, की घ्या ही भाषा आणि शिका? न्हाय कशाला म्हणायचं लेका?"

तेव्हापासून तू मला शास्त्रीबुवा म्हणायला लागलास ते शेवटपर्यंत. माझं खरं नाव तुला माहीत होतं की नाही याचीच मला कधीकधी शंका येई.

ट्रंक तुझ्या अब्बांच्या दुकानात आणली, कारण बंगल्यावर पुस्तकं चाळत बसलो असतो तर आपलं अज्ञान गड्यांनासुद्धा कळलं असतं. अब्बा मशीन मारत होते आणि आपण फळीवर पुस्तकांचे ढीग लावत होतो. नियम इंग्रजीत सांगितलेले होते, म्हणून वाट सापडण्यासारखी होती. पण कुठलं पुस्तक आठ वर्षांच्या पोराचं आणि कुठलं सोळा वर्षांच्या, हे कसं ठरवायचं? काहींवर थर्ड फॉर्म, फोर्थ फॉर्म असं छापलेलं. थर्ड फॉर्म म्हणजे केवढं पोर, हे कोल्हापुरात कोण सांगणार? बाकीच्यांची पहिली पानंच फाटलेली.

तेव्हा तू ती तुझी जगावेगळी युक्ती काढलीस. साहेबाच्या पोरांनी पुस्तकांत पेन्सिलीनं चित्रं काढली होती. कुठं राजाला मिश्या, कुठं समासात तोफ, कुठं मास्तराचं गाढव. तू म्हणालास, जिथं गिरगटलेलं जास्त, ते पुस्तक लहान पोराचं. जिथं कमी, ते मोठ्याचं. मी मान डोलावली. काय करणार, मलाही ते पटलं. आपण दोघांनी त्या परक्या पोरांच्या रेघोट्या बघून पुस्तकांची वयं ठरवली आणि सर्वांत जास्त मिश्या असलेलं पुस्तक बाळासाहेबांच्या हातात दिलं.

ते निघालं एका सेनापतीच्या मोहिमेचं. खंदक, पूल, रसद, वेढे. वाक्यं एवढी लांब की संपेपर्यंत सुरुवात विसरावी. आठ वर्षांचं ते पोर रोज रडायला लागलं. आणि आपण? आपण त्याला धीर देत होतो की बाळासाहेब, हे सोपं आहे, तुमच्याहून लहान मुलांनी हे वाचलंय.

अखेर अक्कासाहेबांनी आपले डोळे उघडले. बारा वर्षांची ती पोर. मिश्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "मास्तर, ही चित्रं लहान मुलानं काढलेली नाहीत. लहान मुलाला मास्तरांची भीती असते. मोठ्या मुलाला कंटाळा आला की तोच असली चित्रं काढतो." तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. त्या दिवशी सायकली हातात धरून आपण चालत पेठेत आलो आणि वाटेत इतके हसलो की कळंब्याच्या तुरुंगावरचा शिपाई संशयानं बघायला लागला.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी ट्रंकेतून एक बारीकसं तांबड्या पुठ्ठ्याचं पुस्तक शोधून काढलं. मोठी अक्षरं, पानोपानी चित्रं. एक मुलगी कोंबड्यांना दाणे टाकतेय, एक शेतकरी नांगर धरून उभा आहे, एक छोटी होडी. बाळासाहेबांचे डोळे लगेच हसले. तुझं तोंड मात्र वाकडं. तुझं म्हणणं, हे सोपं आहे, पोर यातच रमेल आणि इथंच बसेल. मी म्हणे, पोराला त्याच्या मापाचं द्यावं. तेव्हा तू मशीनवर वाकलेल्या अब्बांकडे बोट दाखवलंस.

अब्बा दुकानात आलेल्या प्रत्येक आईला एकच प्रश्न विचारायचे, "मापाचं शिवू, का वाढत्या अंगाचं?" आणि प्रत्येक आई म्हणायची, वाढत्या अंगाचंच शिवा. मग पोर वर्षभर बाह्या दुमडून हिंडायचं.

"बघ," तू म्हणालास, "एवढ्या बाया काय खुळ्या हायत व्हय? पोरगं वाढणार हाय. पुस्तकबी तसंच पायजे. आज जरा ढगळ हुईल, पण उद्या बसंल."

"आणि पायात येऊन पडलं तर?"

"पडंल की. उठंल. तालमीत पोरगं आपल्यापेक्षा दांडग्यासंगं झोंबतं, तवाच तयार हुतं."

"मान मोडते ती कुणाची?"

"तू कदी आखाड्यात उतरलावतास व्हय रं?" असं विचारलंस आणि अब्बा मशीन थांबवून हसले. मी उतरलो नव्हतो. तूही नव्हतास, पण तसं म्हणायला मला त्या वेळी सुचलं नाही. नेहमीप्रमाणे घरी गेल्यावर सुचलं.

बाळासाहेब तांबडं पुस्तक शिकले. मी म्हणालो तसंच झालं, आणि तू म्हणालास तसंच झालं. पोर रमलं. रडणं गेलं. आपल्याला शिकवायची दुसरी रीत ठाऊक नव्हती, म्हणून आपण त्यांना ते पाढ्यांसारखं घोकायला लावलं. बंगल्याच्या व्हरांड्यात दोन्ही मुलं दोनच्या पाढ्याच्या चालीवर म्हणायची, आमो, आमास, आमात, आमामुस, आमातिस, आमान्त. अर्थ असा की मी माया करतो, तू माया करतोस, तो माया करतो. आईसाहेबांना वाटायचं कुठलंतरी स्तोत्र चाललंय. लांबून हात जोडायच्या.

आणि आपण दोघांनी कामाची वाटणी केली. तो माझाच शहाणपणा. दोघांनी सगळं शिकण्याएवढा वेळ कुठून आणायचा? शाळा होती, संसार होता. म्हणून नामं मी घेतली, क्रियापदं तू घेतलीस. माणसं, वस्तू, जागा माझ्याकडे. त्या माणसांनी काय केलं, ते तुझ्याकडे. शिकवताना मी पुढं बसायचो आणि तू शेजारी. एक वाक्य दोघं मिळून सांगायचो, बैलजोडीनं गाडी ओढावी तसं. अक्कासाहेब म्हणायच्या, आमचे एकच मास्तर आहेत, त्यांना दोन तोंडं आहेत.

ट्रंकेच्या तळाला ते जाड पुस्तक होतं. महाकाव्य. त्यात एकही मिशी नव्हती, एकही रेघ नव्हती. साहेबाचं पोर तिथवर पोचलंच नसावं. तू ते हातात घेऊन किती वेळ बसलास. "हे बाळासाहेबांचं," म्हणालास. "सोळा वर्साचं झालं की." मी म्हणालो, आठव्या वर्षी सोळाव्या वर्षाचा सदरा कशाला शिवतोस? तू ऐकलं नाहीस. तू माझं ऐकलंस असा एखादा प्रसंग मी परवापासून आठवतोय.

पुढं संस्थान गेलं, मग जहागीर गेली, मग बंगला गेला. विलायतेचं नाव कुणी काढेना. अक्कासाहेब लग्न होऊन गेल्या. सरकारांनी कोल्हापूर सोडण्याआधी आपल्याला बोलावलं, ट्रंकेतून काय हवं ते घ्या म्हणाले. मी शब्दकोश घेतला, उपयोगाची वस्तू म्हणून. तू ते महाकाव्य घेतलंस. तांबडं पुस्तक तोवर फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. निघताना तू बाळासाहेबांना म्हणालास, "पुस्तक माझ्याकडं हाय. जरा मोठं व्हा आणि या." ते हो म्हणाले. तेरा वर्षांचं पोर गाडीत बसायच्या घाईत काय म्हणणार?

पण तू तो शब्द धरून बसलास. अब्बांनी त्या पुस्तकाला सदऱ्याच्या उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं कव्हर शिवून दिलं, आणि खूण म्हणून घालायला जुन्या माप घ्यायच्या फितीचा तुकडा दिला. आपण शाळा सुटल्यावर फळीवर बसून ते वाचायला लागलो. तुझं म्हणणं, बाळासाहेब येतील तेव्हा आपण तयार पाहिजे. माझं म्हणणं, कोण येतंय? तरी मी बसायचो. एका ओळीला कधीकधी अख्खी संध्याकाळ जायची. मी म्हणायचो, "बाप आहे, समुद्र आहे, आणि आग." तू डोळे मिटून पुटपुटायचास आणि मग सांगायचास त्या बापानं काय केलं, समुद्र काय करत होता, आग कुठवर आली. मग गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचो आणि त्या ओळीवर परत भांडायचो. दूधवाल्याला वाटायचं, यांची शेतीच्या बांधावरून कोर्टात केस चाललीय.

सरकारांच्या घरातून पोस्टकार्ड यायचं ते बंद झालं. तू थांबला नाहीस. बाळासाहेब सोळाचे झाले, सतराचे झाले. अब्बा गेले, दुकान तुझ्या भावानं घेतलं, फळी आपल्याला तशीच ठेवली. मी टोचून बोलायचो, की तुझं गिऱ्हाईक कपडा न्यायला येत नाही. तू म्हणायचास, "येतंय की. वाढतं अंग हाय."

मला तुझा राग यायचा. खरं सांगू का, दस्तगीर, तो राग नव्हता, भीती होती. ते पोर येणार नाही हे मला दिसत होतं, आणि तुला ते ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी फळीवरचं आपलं बसणं संपेल, असं वाटायचं. शाळेत मी शिकवलेलं पोरं परीक्षेपुरतं ऐकायची. घरी ऐकायला कुणाला सवड नव्हती. दिवसातला तो एक तासच असा होता की मी काही बोललो तर समोरचा माणूस ते खोडून काढण्यासाठी का होईना, नीट ऐकत होता. तुझ्यावर माझा जीव होता. हे मी कधी बोललो नाही, आपल्याकडे पुरुषानं पुरुषाला असं म्हणायची रीत नाही. पोरांकडून मात्र आपण ते पाढ्यासारखं घोकून घेत होतो.

तू अंथरुणाला खिळलास तेव्हा मी पुस्तक घेऊन यायचो. भाभी रागवायच्या, "आता तरी न्हाई बोलायचं त्यांनी." तू खुणेनं त्यांना गप्प करायचास. शेवटी शेवटी तुझ्याच्यानं एक ओळही होत नव्हती. मी नामं सांगायचो आणि तुझे ओठ हलायचे, पण मला ऐकू येत नसे. मी उगीच म्हणायचो, बरोबर, बरोबर. एक दिवस तू विचारलंस, "बाळासाहेब आता केवढं झालं असतील?"

"असतील की एकोणीस-वीसचे."

"मग आलं की माप," म्हणालास आणि समाधानानं डोळे मिटलेस. तुझ्याशी वाद घालायचा सोडला, तो तेवढाच एकदा.

आणि ते आले, दस्तगीर. परवा आले. पेठेतल्या कुणीतरी कळवलं असणार. फटफटीवरून आले. उंच झालेत, आपल्या दोघांपेक्षाही. सांगलीला ऑइल इंजिनांच्या एजन्सीत असतात. सांगलीला! मी इतकी वर्षं त्यांना मनातल्या मनात कुठंतरी लांब, दिल्ली-कलकत्त्याला ठेवलं होतं. भाभींसमोर वाकून नमस्कार केला त्यांनी, माझे पाय धरले. वळण चांगलं आहे. माणूस म्हणून त्यांच्यात काही म्हणजे काही खोट काढता येणार नाही. खोट असती तर बरं झालं असतं. मी त्यांच्यावर चिडलो तरी असतो.

भाभींनी आतून पुस्तक आणलं. "तुमच्यासाठी ठिवलंय. कुणाला हात लावू दिला न्हाई."

त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं. कापडावरून बोट फिरवलं. मग मध्येच हसले, लहानपणी हसायचे तसेच, आणि म्हणायला लागले, आमो, आमास, आमात. त्याच पाढ्याच्या चालीत. क्रियापद. तुझ्या वाटणीचं. ओसरीवर बसलेले लोक बघायला लागले. आमामुसपर्यंत आले आणि थांबले. "पुढचं गेलं बघा मास्तर," म्हणाले.

पुढचं मी सांगितलं. तेवढं मला येतं.

मग त्यांनी पुस्तक उघडलं. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तू असतास तर तूही तेच केलं असतंस, आणि तुलाही तेच दिसलं असतं. ते लाजून म्हणाले, "यात चित्रं नाहीत." आणि थोड्या वेळानं, "मास्तर, ते तांबडं पुस्तक आहे का हो? कोंबड्यांचं? ते असतं तर मी नेलं असतं. त्यातली ती होडी मला अजून आठवते."

ऐकलंस? माझं पुस्तक. मी निवडलेलं, मापाचं. ते अजून त्यांना तंतोतंत बसतंय. एवढा उंच तरणा माणूस, आणि आठव्या वर्षाचा सदरा त्याला कुठं तंग होत नाही, कारण आतलं अंग तिथंच राहिलं. माझ्याच पुस्तकामुळे ते तिथंच राहिले, असं तू मला ओरडून सांगितलं असतंस. मी बरोबर होतो, असं मी त्याहून मोठ्यानं ओरडलो असतो. आता दोन्हीकडून मलाच बोलायला लागतं, आणि आवाज चढत नाही.

"हे तुमच्याकडंच असू द्या," असं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. चहा घेतला. सांगलीला आलात तर या म्हणाले. फटफटी एका लाथेत सुरू झाली. भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "आवडलं का त्यांना?" मी म्हणालो, "हो. परत येतो म्हणालेत." तू असतास तर माझ्याकडून असलं काही कुणी वदवून घेऊ शकलं नसतं.

काल संध्याकाळी मी दुकानात गेलो. सवयीनं पाय तिकडेच वळतात. तुझा भाऊ कुणाचं तरी माप घेत होता. फळीवर माझ्या जागेवर बसलो, तुझी मोकळी सोडली. म्हटलं, त्यांना नको तर नको, आपण चालू ठेवू. निदान हे पुस्तक कोल्हापुरात कुणीतरी पुरं वाचलं असं होऊ दे. फीत होती ते पान काढलं. शब्दकोश मांडीवर घेतला. आपण मध्येच सोडलेली ओळ होती. बाप आहे. मुलगा आहे. हात आहे, आणि रात्र. सगळं ओळखीचं. एकही शब्द बघावा लागला नाही. पण बाप मुलाला हात देतो, की मुलगा हात सोडतो, की रात्रच दोघांना गिळते, ते मला कळेना. तेवढे दोन शब्द शब्दकोशात शोधले तर जशाच्या तसे सापडेनात. तू म्हणायचास, ही क्रियापदं रोज कपडे बदलतात, ओळखायला घरचा माणूस लागतो.

मी तुझ्या बाजूला वळून विचारलं, "दस्तगीर, पुढं?"

तुझ्या भावानं मशीन थांबवलं. "काय म्हणालासा शास्त्रीबुवा?"

"काही नाही," म्हणालो. फीत होती त्याच पानात परत घातली आणि पुस्तक मिटलं.